चतुराची खिरापत

जाळ कमी करा, दूध खाली लागेल. चंद्र डोक्यावर यायला अजून अवकाश आहे, तवर सांगतो. मधेच कुणी हसायचं नाही, आणि घरी जाताना एकमेकांना भिववायचं नाही. ही गोष्ट ज्या माणसांची आहे ती माणसं मी पाहिलेली आहेत. यातली मंजुळाबाई म्हणजे माझी सख्खी चुलती. काही तिनं सांगितलं. बाकीचं खुद्द सखुबाईनं सांगितलं, म्हातारपणी, दात पडल्यावर, माणसाला लपवायला काही उरत नाही तेव्हा.

साल चव्वेचाळीस. राज्य निजामाचं आणि वर जर्मनची लढाई. लढाई कुठं चालली होती ते गोरेगावात कुणाला ठाऊक नव्हतं. घासलेट मिळेना, साखर दिसेना, एवढं समजत होतं.

भादव्याच्या पुनवेला दिवस कलताना सखुबाई कुंभाराकडे निघाली. भुलाबाई आणायची होती.

आता तुमच्यातल्या निम्म्यांना भुलाबाई नुसती ऐकून माहीत. तेव्हा आपल्याकडं, वाशिमपासून सेनगावापर्यंत, भादव्याच्या पुनवेला घरोघर भुलाबाई बसायची. मातीची बाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती. पार्वतीच ती, माहेरपणाला आलेली. कोजागिरीपर्यंत तिचा मुक्काम. रोज दिवेलागणीनंतर गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, अंगणात फेर धरून गाणी म्हणायच्या. गाणी सरली की घरची बाई झाकणाचा डबा घेऊन बाहेर यायची. डब्यात खिरापत. बाईनं डबा खुळखुळ हलवायचा आणि आवाजावरून पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. ओट्यावर बसलेले बापे मुद्दाम चुकीची नावं सुचवायचे. सासुरवाशिणी कामं सोडून दारात यायच्या. महिनाभर सगळी गल्ली त्या डब्याभोवती फिरायची.

आमच्या गल्लीचा एक रिवाज होता. जी ओळखेल तिला घरची बाई पहिली मूठ द्यायची आणि म्हणायची, "जिंकलीस बाई, उद्या ये." आणि कुणालाच ओळखलं नाही तर पोरींनी एका आवाजात "हारलो" म्हणायचं. मग बाई डबा उघडून खाऊ वाटायची आणि म्हणायची, "हारली ती घरी गेली." हसण्यावारी चालायचं सगळं. शब्दच ते. त्यांना काही वजन असेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

तर सखुबाई कुंभाराकडं गेली. मूर्ती हातात देताना कुंभाराचा हात जरा आखडला.

"वैनी, साल सरलं का तुमचं?"

"सरंल की दसऱ्याला," सखुबाई म्हणाली. "लेकराला काय कळतं? समद्यांच्या घरी भुलाबाई बसणार, आन् आमच्या सुमीनं कुणाच्या तोंडाकडं पाहावं?"

कुंभारानं मूर्ती देऊन टाकली.

साल सरायचं होतं ते चतुराचं. सखुबाई आणि संतरामची ही थोरली लेक. आदल्या वर्षी ऐन नवरात्रात गावात मरी शिरली, हगवण-वांतीची, आणि धडधाकट पोर एका रात्रीत गेली. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणवार करत नाहीत. मंजुळाबाईनंही दारात गाठून सांगितलं, "सखू, यंदा नको बसवू. पुढच्या साली दोन बसव." पण सखुबाईनं ऐकलं नाही. संतराम घरी असता तर त्यानं अडवलं असतं. तो रात्रीचा शेतातच असायचा, माळ्यावर. ज्वारीत रानडुकरं शिरत होती.

भुलाबाई बसली. पोरी येऊ लागल्या. सखुबाईचं घर गल्लीच्या टोकाला, पलीकडं ओढा आणि गायरान. पोरी सगळी घरं करत करत तिच्याकडं शेवटी यायच्या, आणि तवर त्यांच्या कंदिलातलं तेल संपत आलेलं असायचं. धाकटी सुमन त्यांच्यातच असायची. सात-आठ वर्षांची, किरकिरी नाही, हसरी. गाणी तिला येत नव्हती, नुसती टिपरी वाजवायची.

पहिले दोन-तीन दिवस फुटाणे, लाह्या, खोबरं असलंच काही. पोरी डबा हलायच्या आधीच ओळखायच्या. मग पितरपाट लागला. चंद्र उशिरा उगवू लागला. पंचमीच्या रात्री सखुबाईनं म्हटलं, जरा गंमत करू. तिनं भोपळ्याच्या बिया भाजल्या आणि त्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात घातल्या.

पोरींनी फेर धरला, गाणी झाली. सखुबाईनं डबा हलवला.

"शेंगदाणे!"

"न्हाई."

"खारका!"

"न्हाई वं."

"मुरमुरे... वाटाणे... हरभरे..."

"न्हाई, न्हाई, न्हाई."

पोरी दमल्या. "हारलो" म्हणणार, तेवढ्यात मागून, अंगणाच्या कवाडापासून, आवाज आला.

"भोपळ्याच्या बिया. आन् वरून मीठ."

आवाज घोगरा. पोराच्या आवाजासारखा, थोडा ओढलेला.

सखुबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. चतुराचा आवाज असाच होता. चतुरा खिरापत ओळखण्यात गल्लीत पहिली. डोळे मिटायची, मान तिरपी करायची आणि नाव सांगायची. वर काय लावलंय तेही सांगायची. "आन् वरून गूळ. आन् वरून तीळ." त्या "आन् वरून"ला सगळी गल्ली हसायची.

पोरींना वाटलं, त्यांच्यातलीच कुणी बोलली. "उघड न वं काकी," म्हणून गलका केला. सखुबाईनं उघडलं. बिया होत्या. मीठही होतं. तिनं कवाडाकडं पाहिलं. तिथं काळोख होता, आणि काळोखात कुणी नव्हतं.

आणि तिनं काय करावं? मूठ भरली, काळोखाकडं धरली आणि म्हणाली, "जिंकलीस बाई. उद्या ये."

सखुबाई मला म्हणाली होती, "भ्याले न्हाई मी. खोटं काहून सांगू? त्या रातीला मला वर्षभरानं झोप लागली."

दुसऱ्या दिवसापासून तिचं सगळं चित्त एका गोष्टीवर. पोरींना ओळखता येणार नाही असं काय घालावं? पोरींनी ओळखलं की तो आवाज यायचा नाही, हे तिच्या ध्यानात आलं होतं. मग ती गावभर हिंडू लागली. चिंचोके भाजले. वाळलेली बोरं कुटली. अंबाडीचं बी, कवठाचा गर, जवसाचा लाडू, कुणाच्या डोक्यात येणार नाही ते. चूल पेटायची ती खिरापतीसाठी. भाकरी उरकायची कशीबशी. पोरी कंटाळून म्हणायच्या, "काकी, सोपं घाल की गं." ती हसायची.

आणि रोज, पोरी दमल्या की, आवाज यायचा.

"चिंचोके. आन् वरून हळद."

पहिल्यांदा कवाडापासून आला होता. मग अंगणातून. मग तुळशीपाशी. प्रत्येक रात्री थोडा जवळ. पोरी आता एकमेकींकडं पाहू लागल्या होत्या. कंदील वर करून तोंडं मोजायच्या. तोंडं जेवढ्यास तेवढी. मग एकेक पोरगी येईनाशी झाली. कुणाचा ताप, कुणाच्या आईचं काम.

सर्वपित्रीच्या अवसेला आवाज फेरातूनच आला. सुमनच्या अगदी शेजारून.

सखुबाईला तेव्हा एकदा वाटून गेलं, सुमीच तर बोलत नसेल? तिनं कंदील तिच्या तोंडाजवळ नेला. सुमनचे ओठ मिटलेले होते. घट्ट. कोरडे, आणि मधे फुटलेले.

"पाणी दे, माय," सुमन म्हणाली.

त्यात काय, पोरं पाणी मागतातच. सखुबाईनं तांब्या दिला. सुमननं तो खाली न ठेवता संपवला आणि पुन्हा पुढं केला.

घट बसले तशी पोर बदलत गेली. आधी हसणं गेलं. मग बोलणं. आवाज बसला म्हणून सखुबाईनं हळद-गूळ दिला. खाणं सुटलं. फक्त पाणी. सकाळी भरलेला माठ दुपारला खडखडीत. रात्री उठून जायची, माठापाशी बसायची, अंधारात घटाघटा आवाज. सखुबाई हाक मारायची, "सुमे?" घटाघटा थांबायचं. एवढं पाणी पिऊन पोर फुगायला हवी होती. ती वाळत होती. उन्हात टाकलेल्या भाजीसारखी.

आणि सखुबाईला दिसत नव्हतं. खरं म्हणजे दिसत होतं. पण दिवेलागण झाली की ती डबा घ्यायची.

अष्टमीला संतराम घरी आला. धान्य न्यायला आला होता. दारात पोरीला पाहिलं आणि हातातलं पोतं खाली टाकलं.

"हे काय झालं? काहून निरोप न्हाई धाडला?"

"बारीक ताप हाय," सखुबाई म्हणाली.

"हा ताप न्हाई." त्यानं पोरीला मांडीवर घेतलं. वजन लागेना. "सुमे, काय होतंय बाय?"

सुमननं माठाकडं बोट केलं.

त्या रात्री संतराम शेतात गेला नाही. भिंतीला टेकून बसला. पोरी आल्या, तीन-चारच उरल्या होत्या. गाणी झाली. डबा हलला. सुमन बापाच्या मांडीवर, डोळे मिटून. आणि संतरामनं ऐकलं. त्याच्या मांडीपासून हातभर. जिथं कुणीच नव्हतं तिथून.

"उंबराची फळं. आन् वरून... पाणी."

त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको हसत होती. मूठ भरून त्या मोकळ्या जागेकडं धरत होती. "जिंकलीस बाई, उद्या..."

"सखू!" संतराम ओरडला. पोरी पळाल्या. कंदील तिथंच टाकून पळाल्या.

मग नवरा-बायकोचं बोलणं झालं. हे सगळं मंजुळाबाईनं ऐकलंय, ओरड ऐकून ती धावत आली होती.

"माझी चतुरा येऊन राहिली," सखुबाई म्हणाली. "मला भेटायला. तुमाला काहून बघवत न्हाई?"

"तुला भेटायला?" संतरामचा आवाज खाली आला. "सखू, ती काय मागत मेली?"

सखुबाईनं माठाकडून तोंड फिरवलं.

"सांग. काय मागत मेली?"

आता तुम्हाला सांगतो. मरी झालेल्याला पाणी द्यायचं नाही, पाण्यानं वांती वाढते, माणूस दगावतं, असं तेव्हा सगळे म्हणायचे. जाणते म्हणायचे. चतुरा रात्रभर पाणी मागत होती. "माय, घोटभर. माय, जीभ भिजव नुसती." सखुबाई उशाशी बसली होती आणि भरलेला तांब्या तिनं पाठीमागं लपवला होता. लेक वाचावी म्हणून. पहाटे मागणं थांबलं. सखुबाईला वाटलं, उतार पडला.

"ती पाण्याला येऊन राहिली," संतराम म्हणाला. "आन् सुमीच्या तोंडानं पिऊन राहिली. तिची तहान काय तांब्यानं भागणार हाय का? ती सुमीला कोरडी करून सोडंल."

सखुबाई खाली बसली. मग ती म्हणाली, "मी काय करू?"

"उद्यापासून डबा बंद."

तर डबा बंद झाला. पोरींना येऊ नका म्हणून सांगितलं. दसरा गेला, चतुराचं वर्षश्राद्ध झालं, पिंडाला कावळा शिवला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण सुमन उठेना. रात्री माठापाशी घटाघटा चालूच. आणि एका रात्री, सखुबाई जागीच होती, अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "माय, डबा काहून न्हाई आणत?"

सकाळी ती मंजुळाबाईकडं गेली. मंजुळाबाई वयानं मोठी, गल्लीची सगळी रीतभात तिच्या जिभेवर.

"रोज 'उद्या ये' म्हणून तूच बोलावलंस," मंजुळाबाई म्हणाली. "माहेरी बोलावलेली लेक 'जा' म्हटल्याशिवाय कशी जाईल? आन् जिंकलेलीला 'जा' म्हणता येत न्हाई. हरावं लागंल तिला."

"ती न्हाई हरायची. मी काहीबी घातलं तरी तिला कळतं." सखुबाई रडू लागली. "तिला डब्यातलं न्हाई दिसत, मंजुळाबाई. तिला माझ्या मनातलं दिसतं. माझ्या पोटातच होती न ती."

मंजुळाबाई विचार करत बसली. मग म्हणाली, "तर तुलाच ठाऊक नसावं."

कोजागिरी आली. रविवार होता. भुलाबाईच्या मुक्कामाची शेवटची रात्र. ज्वारीचे पाच धांडे उभे करून मखर केलं. मंजुळाबाईनं सगळी गल्ली जमवली. ज्यांच्या पोरी येईनाशा झाल्या होत्या त्यांच्याही घरी जाऊन, हात जोडून. पोरी आयांना धरून आल्या. बापे ओट्यावर बसले. अंगणात चुलाणावर दूध. सुमनला खांबाला टेकवून बसवलं होतं, उशा लावून. मान खांद्यावर पडत होती. चंद्र वर आला. पिठासारखं चांदणं. अंगणात सुई पडली तरी दिसावी.

डबा मंजुळाबाईनं आपल्या घरी भरला, झाकणाभोवती फडकं बांधलं आणि आणून सखुबाईच्या हातात दिला. आत काय ते तिनं तोंडातून काढलं नाही.

पोरींनी फेर धरला. गाणी म्हटली. भीत भीत, एकाला एक चिकटून. शेवटचं गाणं संपलं.

सखुबाईनं डबा हलवला.

आवाज नाही.

"पीठ?" एक पोरगी म्हणाली.

मंजुळाबाईनं मान हलवली. न्हाई.

"शिरा?"

न्हाई.

"भात?"

न्हाई.

"हारलो," पोरी म्हणाल्या. सगळ्या एकदम.

दूध उकळत होतं तेवढा आवाज. मग तोही ऐकू येईना. ओढ्याकडचे रातकिडे थांबले.

सखुबाई डबा धरून उभी.

थांबली...

"माय."

पाठीमागून. खांद्याला लागून.

"परत हलव."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. ओट्यावर एक जण रामाचं नाव घेऊ लागला आणि मधेच विसरला. एवढं चांदणं. सखुबाईच्या मागं नुसतं सारवलेलं अंगण.

तिनं डबा हलवला.

"...परत."

हलवला.

"वाजत न्हाई, माय."

सखुबाईनं डबा छातीशी धरला.

"सांग न वं."

तिकडं सुमनची छाती खालीवर होईना. संतरामनं तिच्या नाकाशी बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"माय... सांग न."

सखुबाई मला म्हणाली होती, "मला ठाऊक असतं तर मी सांगितलं असतं. एक लेक डोळ्यांसमोर जाऊन राहिली होती, तरी सांगितलं असतं. असा आवाज होता तो."

ती म्हणाली, "मला न्हाई ठाऊक, बाई."

"...तुला न्हाई ठाऊक?"

"न्हाई."

एक ढग चंद्रावरून गेला. अंगण काळं झालं. पुन्हा पांढरं झालं.

"...हारले."

आता सखुबाईनं पुढचे शब्द म्हणायचे होते. तिचं तोंड उघडलं. शब्द येईना. मंजुळाबाईनं खूण केली. येईना. मग संतराम उठला. सुमनला उशीवर ठेवून, बायकोच्या मागं गेला. जिथं कुणी नव्हतं तिथं हात जोडले.

"हारली ती घरी गेली," तो म्हणाला. "जाय, बाय. जाय आता."

सुमननं श्वास घेतला. मोठा, आवाज करून, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. आणि रडू लागली. भूक लागली म्हणून.

बाया रडल्या, बाप्यांनी टोप्या काढून घाम पुसला. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. सखुबाई मात्र तिथंच उभी. तिनं फडकं सोडलं. झाकण काढलं.

डबा रिकामा होता.

"मंजुळाबाई... काय घातलं व्हतं?"

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. "काही घालायला गेले की मनात यायचं, हे तिला आवडायचं. हे बी आवडायचं. हात उचलंना, सखू. तसाच बांधून आणला."

सखुबाईनं जो टाहो फोडला तो म्हणे गायरानापलीकडं ऐकू गेला. "माझं लेकरू दुसऱ्यांदा तसंच, कोरड्या तोंडानं गेलं वं! दुसऱ्यांदा तसंच..." ती धावत माठापाशी गेली, माठ उचलून कमरेवर घेतला आणि कवाडातून बाहेर, ओढ्याच्या वाटेनं, पाणी ओतत गेली. वाटभर. माठ संपेपर्यंत. संतरामनं तिला अडवलं नाही.

दूध खाली लागलं होतं. त्या रात्री कुणी प्यालं नाही.

सुमन जगली. पुढं कनेरगाव नाक्याला दिली, लेकरंबाळं झाली. तिला त्या महिन्यातलं काही आठवत नव्हतं.

पण सकाळचं एक सांगायचं राहिलं.

पहाटे सखुबाईनं घर झाडलं. भुलाबाई बसली होती तो कोपरा शेणानं सारवला, मूर्ती पाटावर घेतली, नवरा आणि सुमन दोघांना बरोबर घेऊन दाराला कडी लावली आणि ओढ्यावर पाठवणीला गेली. मंजुळाबाई सोबत होती. परत आली तवर ऊन आलं नव्हतं. कडी जशीच्या तशी. दार उघडलं.

सारवण ओलंच होतं. त्यावर एक पंजा उमटला होता. उजव्या हाताचा. बसलेलं लेकरू उठताना भुईला हात टेकतं ना, तसा.

मंजुळाबाईनं सुमनचा हात धरून त्यावर ठेवून पाहिला. लहान पडला. सखुबाई धान्याच्या कणगीपाशी गेली. दोन उन्हाळ्यांपूर्वी कणगी लिंपली तेव्हा चतुरानं ओल्या मातीत खेळताना आपला पंजा उठवला होता. करंगळी वाकडी. जात्याखाली सापडली होती एकदा. सखुबाईनं दोरा घेतला. कणगीवरच्या पंजाचं एकेक बोट मापलं आणि कोपऱ्यात येऊन भुईवरच्या पंजाला तो दोरा लावला.

करंगळी तिथंच वाकडी होती. तेवढीच वाकडी.

पण दोरा कमी पडत होता. प्रत्येक बोटाला, गव्हाच्या दाण्याएवढा. वर्षा-दीड वर्षात जित्या, वाढत्या लेकराचा हात वाढतो... तेवढा.